बाईंचा डोळा आणि आमचा जुना टीव्ही



गेल्या वेळचा लेख पावसाळ्यात धान्य कसं सांभाळायचं यावर होता. आजचा टीव्हीवर आहे. पण त्यातही धान्य येणारच आहे, कारण आमच्या घरातला हा सगळा गुंता मुगाच्या ताटातूनच सुटायला लागला.

आमच्या अकलोलीच्या घरात अजून तो जुना कपाटाएवढा टीव्ही आहे. ४३ इंची, वर पडदा, खाली पेटीसारखं मोठं पोट. सरकवायला दोन माणसं लागतात. बापूजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो २००३ च्या फेब्रुवारीत घेतला होता, वर्ल्ड कप सुरू व्हायच्या दोन दिवस आधी. तेव्हा आम्ही भिवंडीत राहायचो, चारही बाजूंनी लूम खडखडणाऱ्या गल्लीत. फायनलला अर्धी गल्ली आमच्या हॉलमध्ये बसली होती आणि भारत १२५ धावांनी हरल्यावर चहासुद्धा न घेता उठून गेली, हे बाई अजून सांगतात. सासूबाईंना आम्ही सगळे बाईच म्हणतो. नात्यातल्या बायकांना नवल वाटतं, पण बाईंना क्रिकेटचं वेड आहे. सामायिक, प्रतिक्रमण, चौविहार, सगळं वेळच्या वेळी. आणि मॅच असली की मॅच. या दोन्हींची त्या गल्लत करत नाहीत. टीव्ही हा संसारातला भाग आहे, असं त्या स्वतःच म्हणतात.

पुढे आम्ही अकलोलीला घर बांधलं, तानसा नदीच्या अंगाला. वज्रेश्वरीला आणि गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्यांना हा भाग माहीत असेल. टीव्ही बरोबर आला. बापूजी गेल्यावर तर तो बदलण्याची गोष्ट काढायची सोयच राहिली नाही.

आता मूळ विषय. वैशाखात बाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठाण्याला झालं. छान झालं. उजव्या डोळ्याचं तीन महिन्यांनी करायचं ठरलं होतं. पण पट्टी निघून थेंब संपले तसं बाईंचं सुरू झालं, "मला टीव्ही धुरकट दिसतो." पहिल्यांदा सगळे म्हणाले, डोळा बसायला वेळ लागतो. महिन्यानेही तेच. आमच्या ह्यांनी परत ठाण्याला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळा उत्तम आहे. बसवलेल्या भिंगामागची पातळ पिशवी काही जणांना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकटते, मग लेझरने मोकळी करावी लागते, पण यांचं तसं काहीच नाही. तरी बाईंचं ऐकून घरात दोन तट पडले. एक म्हणे दुसरा डॉक्टर बघू. दुसरा म्हणे वय झालं, आता इतकंच दिसणार.

आणि बाईंनी उजव्या डोळ्याला साफ नकार दिला. "एकाचं हे असं झालं, दुसरा कशाला बिघडवून घेऊ?" उजव्यातला मोतीबिंदू तर पिकत चालला होता. संध्याकाळी टीव्हीसमोरची त्यांची खुर्ची त्यांनी स्वतःच खिडकीकडे फिरवली. म्हणाल्या, आता काय बघायचं राहिलंय. मला ते वाक्य फार लागलं.

आषाढात एका दुपारी बाई मूग निवडत बसल्या होत्या. तुम्हाला माहीतच आहे, पावसाळ्यात धान्य निवडणं म्हणजे आपल्याकडे नुसतं खडे काढणं नाही. सोंडे, आळी, पोखरलेला दाणा, जाळीचा तंतू, सगळं बघायचं आणि जीव सापडला तर त्याला इजा न होता सावलीत सोडायचं. मी त्यांच्यानंतर तेच ताट चाळून बघितलं. एक सोंडा सुटला नव्हता. अर्ध्या मोहरीएवढा तपकिरी जीव हिरव्या मुगात ज्या डोळ्याला दिसतो, त्याला ४३ इंचावरचा स्कोअर दिसत नाही, हे कसं? मी विचारलं, "बाई, दिव्याची वात कशी दिसते?" "अगदी स्वच्छ." "पंचांगातली बारीक अक्षरं?" "वाचते की. मी कधीपासून सांगते, मला टीव्हीच धुरकट दिसतो." त्या पहिल्या दिवसापासून तेच सांगत होत्या. ऐकणारे 'धुरकट' एवढंच ऐकत होते, 'टीव्ही' कुणी ऐकत नव्हतं.

बरं, बाकीच्यांना तो धुरकट का वाटला नव्हता? कारण बाकीचे बघतच नव्हते. मुलं मोबाइलवर, हे बातम्यांपुरते. आणि जे इंचाइंचाने बिघडतं ते रोजच्या नजरेत भरत नाही. बाईंचा आधीचा डोळाच इतका पिवळा-धुरकट झाला होता की टीव्हीचा धूर त्यात मिसळून गेला होता. डोळा साफ झाल्यावर टीव्हीचा धूर उघडा पडला.

तेव्हा ठरवलं, धूर नेमका कुठे आहे ते बाहेरून आत एकेक पायरी शोधायचं. तुमच्यातल्या कुणाकडे असा टीव्ही आता फारसा नसेल. जपानच्या मित्सुबिशीने २०१२ च्या डिसेंबरात हे टीव्ही बनवणं थांबवलं, मोठ्यांपैकी ती शेवटची कंपनी. पण गावच्या घरी, फार्महाउसवर, संस्थेच्या हॉलमध्ये अजून असे टीव्ही पडलेले असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सिग्नल की टीव्ही, हे बघायचं. त्याची युक्ती सोपी आहे. रिमोटवर मेनूचं बटण दाबा. मेनूची अक्षरं टीव्ही स्वतः काढतो, केबलवाल्याचा त्यात हात नसतो. अक्षरं कोरीव आणि चॅनेल धुरकट, तर दोष बाहेरून येतोय. आमचा सेट-टॉप बॉक्स एकाच पिवळ्या वायरीने जोडलेला होता. त्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र येतात, त्यामुळे अक्षरांच्या कडा फिसकटतात. बॉक्सला हिरवी-निळी-लाल अशी तीन वायरींची जागा होती, टीव्हीलाही होती, म्हणून मुलाने ती जोडून दिली. रंग थोडे उघडले. पण मेनूच्या पांढऱ्या अक्षरांभोवती दुधाळ वलय होतं ते तसंच. पावसात रस्त्यावरच्या दिव्याभोवती दिसतं ना, तसं. म्हणजे दोष पेटीच्या आत होता. 'शार्पनेस' पूर्ण वर चढवून ठेवलेला होता तो मी निम्म्यावर आणला. चित्र धुरकट झालं की सगळे तोच वाढवतात, पण त्याने धूर जात नाही, कडेला खोटी पांढरी रेघ तेवढी येते.

दुसरं, रंग एकमेकांवर बसलेत का. या टीव्हीत एक चित्र नसतं, तीन असतात. पोटात सात-सात इंचांच्या तीन नळ्या, लाल, हिरवी, निळी. प्रत्येकीवर एक भिंग. तिन्ही चित्रं मागच्या मोठ्या आरशावर जातात आणि तिथून उलटून पडद्यावर मागच्या बाजूने पडतात. तिन्ही नेमकी एकावर एक बसली तर पांढरं पांढरं दिसतं. सरकली तर अक्षराला एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी सावली येते. याला 'कन्व्हर्जन्स' म्हणतात आणि मेनूतच अधिकचं चिन्ह सरकवून ते घरी जुळवता येतं. मात्र टीव्ही अर्धा तास चालू ठेवून तापला की मगच जुळवायचं, थंड टीव्हीवर जुळवलं तर तापल्यावर परत सरकतं. आमच्याकडे थोडा लाल सरकला होता तो बसवला. वलय आहे तिथेच.

तिसरं, समोरचा पडदा. त्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या उभ्या बारीक रेघा असतात. म्हणून ओलसर मऊ कपड्याने वरून खाली पुसायचं, गोल गोल घासायचं नाही. काच पुसायचा निळा फवारा यावर चालत नाही, कारण ही काच नव्हेच, प्लास्टिक आहे. पडद्यावरून कपडा चांगला काळा निघाला, पण वलय गेलं नाही.

एवढं झाल्यावर बाहेरच्या पायऱ्या संपल्या. पुढे पेटी उघडावी लागणार होती, आणि इथे मी हात आखडता घेतला. तुम्हीही घ्या. या नळ्यांवर तीस हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो, आणि प्लग काढला तरी नळीत तो साठून राहू शकतो. यूट्यूब बघून घरच्या पुरुषांना हुरूप येतो तेव्हा त्यांना हे वाक्य दोनदा वाचून दाखवा.

भिवंडीत एक वयस्कर मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. भिवंडीतल्या घरी टीव्ही होता तेव्हापासूनचे. ते लगेच यायला तयार होते, पण बाईंनी थांबवलं. पावसाळ्यात अशा उबदार पेटीत काय काय आसऱ्याला आलेलं असेल सांगता येत नाही. चातुर्मासात उघडायचा नाही, कार्तिकी पौर्णिमेनंतर बघू. मला आधी वाटलं, त्या टाळतायत. पण त्यांचं बरोबरच होतं. जीवांचं सोडा, दमट हवेत भिंगं उघडून ठेवणं यंत्रालाही चांगलं नाही, असं चाचांनीही फोनवर सांगितलं. तोवर एक काम झालं. "बाई, धूर टीव्हीत आहे, तुमच्या डोळ्यात नाही," हे मी घरात सगळ्यांसमोर मेनूची अक्षरं दाखवून सांगितलं. ह्यांनी चष्मा लावून, चष्मा काढून बघितलं आणि गप्प झाले. बाई काही बोलल्या नाहीत. पण खुर्ची परत टीव्हीकडे वळली.

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला चाचा आले. उघडायच्या आधी मी पेटीवर हलक्या टिचक्या मारल्या आणि थोडा वेळ थांबलो. जे पळू शकतं त्याला पळायला वेळ. मागच्या जाळीतून दोन पाली निघाल्या आणि भिंतीवरून वर गेल्या. चाचांनी समोरचा पडदा उतरवल्यावर आत कोळ्यांची जाळी होती. मी नवी, न वापरलेली पुंजणी घेऊन कोळी एकेक करून कागदावर घेतले आणि बागेत सोडले. चाचा शांतपणे बसून राहिले. घाई नाही, हसणं नाही. भिवंडीत इतकी वर्षं जैनांच्या घरी कामं केलेला माणूस.

आतला प्रकार बघण्यासारखा होता. भिंगं वर तोंड करून असतात, त्यामुळे खाली पडणारं सगळं त्यांच्यावरच बसतं. आणि बसलेली साधी धूळ नव्हती, मऊ पांढरट गादी होती. चाचांनी बोटाने उचलून दाखवली, सुताची लव. लूमच्या गल्लीत दहा-अकरा वर्षांत हवेतून आत गेलेला कापूस. घर बदललं तरी ती लव आमच्याबरोबर अकलोलीला आली होती. भिवंडीतल्या मैत्रिणींनो, तुमच्या घरच्या पंख्याच्या पात्यांवर जे बसतं तेच हे. पंखा आपण पुसतो, पेटीच्या आत कोण बघतं? आणि माणसाच्या छातीत तीच लव जाते ती वेगळीच. लूमवर आठ-दहा तास उभ्या राहणाऱ्या माणसांचा खोकला काय असतो, ते त्या गल्लीत राहिलेल्याला सांगायला नको.

शेजारच्या काकू म्हणत होत्या, कुंडाच्या गंधकाने आरसा काळा पडला असेल. गंधकाच्या वाफेने चांदीची भांडी काळवंडतात हे खरंय. पण आरसा काळा नव्हता, नुसता लवेने मळलेला होता. इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या कपाटाच्या आरशाला चकचकीत थर मागून असतो, वर काच. या आरशाचा चकचकीत थर काचेच्या पुढच्या बाजूलाच असतो, उघडा. कोरड्या फडक्याने एकदा पुसला तरी कायमचे ओरखडे. चाचांकडे रंगाचा मऊ ब्रश होता. पुंजणीचे लोकरी धागे त्यांनी गालावर फिरवून बघितले आणि म्हणाले, हीच द्या. मग पुंजणीनेच आरसा झटकला, दाब न देता, वरून खाली. भिंगांची लव आधी पुंजणीने उचलली, मग मऊ सुती कपड्यावर चष्म्याचं द्रव घेऊन मध्यापासून कडेकडे पुसलं. वरची भिंगं बहुधा प्लास्टिकची असतात, तीही जोरात घासायची नाहीत.

टीव्ही लावला. उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटला. बाई म्हणाल्या, "छान. पण वलय आहे अजून."

होतं. चाचांनी काळा पुठ्ठा घेऊन दोन भिंगं झाकली आणि एकेक रंग वेगळा दाखवला. निळा ठीक होता. थोडा मऊसर दिसत होता, पण निळी नळी बनवतानाच किंचित पसरट ठेवतात म्हणे, त्याने निळा उजेड जास्त मिळतो. तिला धारदार करायला जाऊ नये. लाल जरा धुरकट. आणि हिरवा म्हणजे पाण्यात शेवाळ ढवळल्यासारखा. चित्रातल्या उजेडाचा मोठा वाटा हिरव्याचाच असतो, त्यामुळे हिरवा धुरकटला की सगळंच धुरकटतं. चाचांनी भिंगात बॅटरी मारली आणि मला बोलावलं. भिंगाखाली कडेने तंतू वाढले होते. ते म्हणाले, "भाभी, इसको तो मोतिया हो गया है." बाई खुर्चीत बसून इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला.

ते असं असतं. नळी फार तापते म्हणून तिच्या तोंडाच्या आणि भिंगाच्या मध्ये एक द्रव भरलेला असतो, ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं मिश्रण. तो नळी थंड ठेवतो आणि काचेवरून उजेड मागे परतू देत नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने तो गढूळ होतो, कधी त्यात बुरशी धरते. द्रव बदलला की झालं, चाचा म्हणाले.

पण आपल्या घरात 'झालं' इतक्यात होत नाही. बुरशी म्हणजे लीलन-फूलन, अनंत जीवांचं घर. लोणच्याला बुरशी आली तर आपण त्याला हात न लावता बरणी बाजूला ठेवतो, हे लहानपणापासून शिकलेलं. ही तर काढूनच टाकायची होती. मी बाईंकडे बघितलं. बाईंनी थोडा वेळ विचार करून सांगितलं, "राहू दिलं तर वाढतच राहणार, टीव्ही रोज तापणार, रोज मरणार. एकदाच काय ते करा, जयणेने करा, आणि परत होणार नाही असं बंद करा." आणि मिच्छामि दुक्कडं म्हणून बाजूला झाल्या. याहून जास्त शास्त्र मला येत नाही. महासतीजी आल्या की विचारीन. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर मला जरूर सांगा.

नव्या ग्लिसरीनचं मात्र मी बघितलं. ग्लिसरीन वनस्पती तेलापासून निघतं तसं प्राण्यांच्या चरबीपासूनही निघतं, बाटलीवर नुसतं 'ग्लिसरीन' लिहिलेलं असतं. वनस्पतीचं असं स्पष्ट लिहिलेलं मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं, चार दिवस गेले. साबण, खोकल्याची औषधं, केकचं आयसिंग, सगळीकडे हाच प्रश्न येतो, तेव्हा टीव्हीलाच सूट का?

चाचांनी प्रत्येक भिंगाच्या स्क्रूवर आधी मार्करने खूण केली, म्हणजे परत त्याच जागी बसेल. हिरव्या आणि लाल नळीतला द्रव काढला, आतली काच धुतली, रबराची रिंग नवी घातली आणि नवा द्रव बारीक नळीने सावकाश भरला. बुडबुडा राहिला तर तो चित्रात दिसतो. रिंगेवर कंजूसपणा करायचा नाही. ती गळली तर द्रव खालच्या सर्किटवर जातो आणि मग टीव्ही खरंच संपतो.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला ते. काढलेला द्रव बादलीत होता. चाचांचा मदतनीस मुलगा ती मागच्या अंगणात ओतायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. हे ग्लायकॉल, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तेच, चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं गोडीने चाटतात. शरीरात गेल्यावर त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंड निकामी होतं. लहान मुलांनाही तोच धोका. मागच्या अंगणात आमची मांजर आणि तिची तीन पिल्लं असतात, खाली उतार थेट नदीकडे जातो. एका टीव्हीच्या स्वच्छतेपायी केवढं झालं असतं. जमिनीवर सांडलेले थेंबही मी फडक्याने टिपून घेतले आणि फडकं पिशवीत बांधलं. सगळा द्रव घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून वर मोठ्या अक्षरात 'विष' लिहिलं, कवटीचं चित्रही काढलं, कारण कामाच्या ताईंना वाचता येत नाही. बाटली कपाटात कुलपात ठेवली.

मैत्रिणींनो, घरी गाडीचं कूलंट आणता तेव्हा हे लक्षात ठेवा. ती हिरवी-गुलाबी बाटली गॅरेजच्या फळीवर उघडी असते, आणि खाली गळालेल्या थेंबांकडे कुणी बघत नाही. आपण पाणी गाळून पितो.

खर्च म्हणाल तर चाचांची मजुरी आणि सामान मिळून साडेतीन हजार. एवढ्यात नवा येत नाही, पण अजून पंधरा-वीस हजार घातले तर याच आकाराचा चांगला एलईडी येतो आणि तो वीज या पेटीच्या निम्म्याहून कमी खातो. म्हणून सगळ्यांनी दुरुस्तीच करावी असं मी म्हणणार नाही. रंग बसवणारी चिप जळली असेल, द्रव गळून सर्किट खराब झालं असेल, किंवा नळीवर जुन्या चॅनेलचा ठसा कायमचा उमटला असेल, तर सोडून द्या. आम्ही केलं ते बाईंसाठी केलं, आणि बाई नसत्या तर कदाचित मीही केलं नसतं. टाकायचा झाला तर भंगारवाल्याला मात्र देऊ नका. नळीच्या काचेत शिसं असतं, ते हातोड्याने फोडतात. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत ठिकाणी द्या, मुंबई-ठाण्याला आहेत.

चित्र आता कसं आहे? मेनूची अक्षरं काळ्यावर पांढरी, भोवती वलय नाही. पहिल्या संध्याकाळी एक जुनी मॅच लागली होती. बाईंनी उजवा डोळा हाताने झाकून डाव्याने बघितलं, मग डावा झाकून उजव्याने. दोन-तीनदा असं केलं. मग ह्यांना म्हणाल्या, "उजव्याने पिवळं दिसतं रे. त्या डॉक्टरांचा नंबर आहे ना?" माघातली तारीख मिळाली आहे.

लाल अजून जरा जास्त आहे, खेळाडूंचे चेहरे तांबूस दिसतात. चाचा पुढच्या आठवड्यात येऊन बसवतो म्हणाले आहेत. 'विष' लिहिलेली बाटली काल अंबाडी नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने घेतली. तो जुनं कूलंट पिंपात साठवून एकदम पाठवतो. पिंपाला झाकण आहे की नाही ते मी बघून आले.